आभासी वस्तू आणि खरे श्रम
(पक्षाच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकर्त्यांच्या बैठकांतून अलीकडे एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो. मोबाइलवरील खेळातल्या बंदुकीचा रंगीत साज, पडद्यावरच्या पात्राचा अंगरखा किंवा एखाद्या चित्राच्या मालकीची संगणकीय नोंद यांसाठी माणसे रोख पैसा मोजतात. या वस्तूंना काही खरे उपयोगमूल्य आहे काय? या प्रश्नाची दोन उत्तरे बहुधा तयार असतात. जुना कार्यकर्ता म्हणतो, हा निव्वळ हवा विकण्याचा धंदा आहे. तरुण सहानुभूतिदार म्हणतो, ज्याला गिऱ्हाईक आहे त्याला मूल्य आहे, मग वाद कशाला? पहिल्या उत्तरात अर्थशास्त्र नाही. दुसऱ्यात केवळ दुकानदाराचे अर्थशास्त्र आहे. आणि ती वस्तू मिळवण्यासाठी जो माणूस राबतो, तो या दोन्ही उत्तरांत कोठेच दिसत नाही. २०२१ साली फिलिपीन्स देशात असंख्य कुटुंबांची चूल काही महिने अशाच एका आभासी वस्तूवर पेटत होती, आणि पुढच्याच वर्षी ती विझली. त्या प्रकरणानंतर हा प्रश्न रिकामटेकड्यांचा राहिलेला नाही. परंतु तेथे पोहोचण्यापूर्वी मूळ संज्ञा नीट लावून घेणे अवश्य आहे.

उपयोगमूल्य म्हणजे मानवी गरज भागवण्याची वस्तूच्या अंगची शक्ती. ती गरज पोटातून उठते की कल्पनेतून, याने उपयोगमूल्याच्या विचारात फरक पडत नाही, हे मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’च्या पहिल्या खंडाच्या अगदी आरंभीच सांगून ठेवले आहे. त्याच्याही पूर्वी, १७७६ मध्ये, ॲडम स्मिथने पाणी आणि हिरा यांचे उदाहरण घेऊन उपयोग व किंमत या दोन निराळ्या गोष्टी असल्याचे दाखवले होते. वस्तू हाताला लागते की नाही, ही कसोटी यांपैकी कोणीही लावलेली नाही. गिरणगावातला कामगार तमाशाचे तिकीट काढत असे, तेव्हा रात्र सरल्यावर त्याच्या हाती काय उरत असे? काहीही नाही, तरी त्याने पैसे वाया घालवले, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. खेळ ही माणसाची खरी गरज आहे. सोबत्यांमध्ये उठून दिसण्याची इच्छाही खरी आहे. एकदाच नेसल्या जाणाऱ्या शालूचे उपयोगमूल्य जर आपण मान्य करतो, तर खेळातल्या अंगरख्याचे नाकारण्यास आधार उरत नाही. प्रतिष्ठेसाठी केलेल्या खर्चाची चिकित्सा व्हेब्लेनने १८९९ मध्ये केली ती धनिकांना समोर ठेवून. आपल्याकडे मात्र श्रीमंताच्या मुलाने क्लबाचे सभासदत्व घेतले तर ती गुंतवणूक आणि रिक्षावाल्याच्या मुलाने खेळातल्या पोशाखावर शंभर रुपये खर्चले तर ती उधळपट्टी, असा न्याय लावला जातो. हा न्याय समाजवादी नव्हे.

एवढे मान्य केले की पुढची गोष्टही मान्य करावी लागते. ज्या वस्तूचा उपयोग आहे ती मिळवण्यासाठी श्रम लागत असतील, तर ते श्रम विकत घेतले जाणारच. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनमध्ये हेच घडले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाच्या खेळात राक्षस मारून सोन्याची नाणी मिळवावी लागत. अमेरिकेतील ज्या खेळाडूंना तेवढा वेळ नव्हता ते ती नाणी डॉलर देऊन घेत. २००७ साली नानजिंग शहरातील अशा एका कामाच्या जागेचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध झाले. तरुण मुले तेथे रात्रीच्या बारा बारा तासांच्या पाळीत संगणकापुढे बसून नाणी गोळा करीत आणि त्यांना ताशी सुमारे ३० अमेरिकन सेंट मिळत. नाणे आभासी होते. पाळी, जागरण आणि मजुरी आभासी नव्हती. विकले जात होते ते नाणे नव्हे, तर अमेरिकन माणसाचा वाचलेला वेळ; आणि तो चिनी माणसाच्या खर्ची पडलेल्या वेळातून येत होता.

म्हणजे उपयोगमूल्य आहे. पण ते कोणाच्या ताब्यात आहे? सर्वसाधारण वस्तू विकत घेतली की तिचा उपयोग घेणाऱ्याच्या हाती येतो. विळा ज्याने घेतला त्याचा झाला. लोहाराने उद्या भाता बंद केला म्हणून विळ्याची धार जात नाही. आभासी वस्तूचे तसे नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ साली विक्रीस आणलेला ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याखेरीज चालत नसे. २०२४ च्या मार्चअखेर कंपनीने सर्व्हर बंद केला आणि पैसे देऊन घेतलेला खेळ लोकांच्या घरात असूनही निकामी झाला. त्यानंतर युरोपात ग्राहकांची मोठी सह्यांची मोहीम उभी राहिली आणि २०२५ च्या जुलैपर्यंत तिने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा करून, डिजिटल वस्तू विकताना केवळ परवाना दिला जात असेल तर ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे, असे बंधन विक्रेत्यावर घातले. कायद्याने येथे जे उघड करावयास लावले ते हेच की, ‘विकत घ्या’ असे लिहिलेल्या बटणामागे विक्री नसून भाडेपट्टा असतो.

यावर ब्लॉकचेनवाल्यांचे म्हणणे असे की, त्यांच्या नोंदवहीतील टोकन कोणत्याही एका कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून नसल्यामुळे तेथे खरी मालकी मिळते. त्याची परीक्षाही होऊन गेली आहे. फॉर्म्युला वन शर्यतींवर आधारलेल्या एका खेळातील मोटारीचे टोकन २०१९ मध्ये एक लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. २०२२ च्या मार्चमध्ये शर्यतीचे नाव वापरण्याचा परवाना संपला आणि खेळच बंद पडला. नोंदवहीत टोकन अबाधित राहिले, पण मोटार धावणार कोठे? कंपनीने बदली म्हणून दुसऱ्या एका खेळातील वस्तू देऊ केल्या. म्हणजे मोबदला काय द्यावयाचा हेही तिनेच ठरवले. सातबाऱ्यावर नाव कायम आणि जमीन मात्र धरणाच्या पाण्याखाली, अशातला हा प्रकार होय.

दुसरा मुद्दा टंचाईचा. ज्वारीची टंचाई पाऊस न पडल्याने येते. आभासी वस्तूची टंचाई लेखणीच्या एका फटकाऱ्याने निर्माण केली जाते. एक अंगरखा तयार करण्यास चित्रकाराचे श्रम लागतात हे खरे. परंतु दुसरा, हजारावा किंवा दहा लाखावा अंगरखा तयार करण्यास जवळजवळ काहीच लागत नाही. तो दुर्मिळ राहावा म्हणून मुद्दाम बंदी घालावी लागते. म्हणून त्याच्या किमतीचा मोठा भाग हा श्रमाचा मोबदला नसून मक्तेदारीचा खंड असतो. ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळात शस्त्रांच्या सजावटीचा असाच मोठा बाजार आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये वाल्व्ह या अमेरिकन कंपनीने एक नियम बदलला आणि पूर्वी अत्यंत दुर्मिळ असलेल्या चाकूंच्या सजावटी मिळवण्याचा दुसरा मार्ग खुला केला. एक-दोन दिवसांत त्या बाजाराच्या एकूण किमतीतून अब्जाहून अधिक डॉलर नाहीसे झाले. एकही चाकू मोडला नव्हता, एकाही खेळाडूचा आनंद कमी झाला नव्हता. उपयोगमूल्य होते तेथेच राहिले आणि विनिमयमूल्य कोसळले. या दोहोंमधील भेद शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण अभ्यासवर्गाला मिळणार नाही.

संग्राह्य टोकनांविषयी फार वेळ घेण्याचे कारण नाही. २०२१ च्या मार्चमध्ये ख्रिस्तीज या लिलावगृहाने ‘बीपल’ या नावाने काम करणाऱ्या चित्रकाराच्या एका संगणकीय चित्राचे टोकन ६ कोटी ९३ लाख डॉलरना विकले. ते चित्र कोणालाही फुकट पाहता येते, तेव्हा पाहण्याचा उपयोग हा या किमतीचा आधार असूच शकत नाही. त्याच महिन्यात ट्विटरचा संस्थापक जॅक डॉर्सी याच्या पहिल्या संदेशाचे टोकन सुमारे २९ लाख डॉलरना गेले. वर्षभराने घेणाऱ्याने ते पुन्हा विक्रीस काढले आणि ४ कोटी ८० लाखांची अपेक्षा ठेवली. लिलावाची मुदत संपली तेव्हा सर्वांत मोठी बोली सुमारे २८० डॉलरची होती. अशा वस्तूचा उपयोग एकच : ती पुढच्या माणसाला विकता येईल ही आशा. विनिमयाची आशा हेच उपयोगमूल्य झाले की वस्तू असली काय आणि नसली काय, सारखेच. श्रीमंतांनी एकमेकांना अशी टोकने विकावीत. त्यावर अश्रू ढाळणे हे आपल्या पक्षाचे काम नव्हे. जाता जाता एक सांगितले पाहिजे. या टोकनांवर अमाप वीज जळते, हा आक्षेप अजूनही आपल्या भाषणांतून ऐकू येतो. इथेरियम या प्रमुख जाळ्याने सप्टेंबर २०२२ मध्ये आपली पद्धत बदलून विजेचा वापर ९९ टक्क्यांहून अधिक घटवला आहे. बिटकॉइनला तो आक्षेप आजही लागू आहे. टीका करावी ती माहितीनिशी.

आता फिलिपीन्सकडे वळू. स्काय मेव्हिस या व्हिएतनाममधील कंपनीने २०१८ मध्ये ‘ॲक्सी इन्फिनिटी’ हा खेळ सुरू केला. ‘ॲक्सी’ नावाचे काल्पनिक प्राणी त्यात एकमेकांशी झुंजतात. खेळण्यासाठी तीन ॲक्सी जवळ असावे लागत आणि ते बाजारातून टोकनाच्या रूपाने विकत घ्यावे लागत. झुंज जिंकली की ‘एस.एल.पी.’ नावाचे नाणे मिळे व ते विकून पेसो हाती येत. २०२० मध्ये करोनाची साथ आली, टाळेबंदी झाली, तीनचाकी चालवणारे आणि किरकोळ विक्री करणारे घरी बसले. मनिलाच्या उत्तरेस काबानातुआन हे शहर आहे. तेथील लोक या खेळावर भाजीपाला व औषधे आणू लागल्याची बातमी जगभर गेली. २०२१ च्या अखेरीस रोज खेळणाऱ्यांची संख्या वीस लाखांच्या वर गेली. त्यांतील सर्वांत मोठा गट फिलिपिनो लोकांचा होता.

या माणसांच्या हातात ॲक्सी होता तो खेळणे म्हणून नव्हे. तो कामाचा परवाना होता. उपयोगमूल्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे सापडते. २०२१ च्या मध्यास तीन ॲक्सींची किंमत हजार डॉलरच्या आसपास पोहोचली होती; बेकार माणूस ती कोठून देणार? म्हणून एक व्यवस्था निर्माण झाली. ज्याच्याजवळ पैसा होता त्याने अनेक ॲक्सी घेतले आणि ते इतरांना खेळावयास दिले. मिळकतीचा ठरलेला हिस्सा मालकाचा, उरलेला खेळणाऱ्याचा. या व्यवस्थेला जे नाव मिळाले ते विलक्षण आहे : शिष्यवृत्ती. राबणारा ‘शिष्य’, देखरेख करणारा ‘व्यवस्थापक’. यील्ड गिल्ड गेम्स या फिलिपिनो संस्थेची वाटणी शिष्यास ७० टक्के, व्यवस्थापकास २० टक्के व संस्थेस १० टक्के अशी होती. खासगी मालकांपैकी अनेकजण निम्मा वाटा घेत. खात्याची गुप्त किल्ली मालकाजवळच राही आणि शिष्याला केवळ प्रवेशाचा संकेत दिला जाई. दिवसाला अमुक इतकी नाणी आली पाहिजेत असा कोटाही असे. तो न भरणाऱ्याच्या जागी दुसरा माणूस घेता येई.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना या व्यवस्थेचे नाव सांगावयास नको. ती अर्धेली आहे. जमिनीऐवजी ॲक्सी, नांगराऐवजी मोबाइल, एवढाच फरक. फरक आणखीही एक आहे आणि तो कुळाच्या बाजूचा आहे. १९४८ च्या कूळकायद्याने व त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी कसणाऱ्याला जमिनीवर हक्क सांगण्याची वाट मोकळी केली. ती कितीही अडचणीची ठरली तरी वाट होती. आभासी कुळाला कोणतीही वाट नव्हती. लेखी करार नाही, हजेरी नाही, कामावरून काढण्यापूर्वी नोटीस नाही.

या मजुरीचा हिशेब मांडून पाहावा. एखादा शिष्य दिवसाला १०० नाणी मिळवतो आणि निम्मी मालकाला देतो, असे धरू. जुलै २०२१ मध्ये नाण्याचा भाव ३० सेंटच्या वर होता. म्हणजे शिष्याच्या वाट्याला दिवसाचे १५ डॉलर, सुमारे ७५० पेसो. मनिला महानगरात तेव्हा किमान दैनिक वेतन ५३७ पेसो होते. घरबसल्या त्याहून अधिक मिळते म्हटल्यावर लोक तिकडे धावले यात नवल नाही. त्यांना लोभी म्हणणाऱ्याने टाळेबंदीतील रिकामा डबा पाहिलेला नसावा. २०२२ च्या जानेवारीअखेर भाव १ सेंटच्या आसपास आला. तेवढेच तास, तीच झुंज, तीच १०० नाणी. शिष्याच्या हाती मात्र जेमतेम २५ पेसो. फेब्रुवारीत कंपनीने नाणी मिळवण्याचे दोन मार्ग एकाच घोषणेने बंद केले. कोणत्याही कारखानदाराला असा अधिकार गाजवताना किमान संपाची तरी धास्ती असती.

भाव का कोसळला? या नाण्याचा मुख्य उपयोग एकच होता : त्याच्या साहाय्याने दोन ॲक्सींपासून तिसरा जन्माला घालणे. नवे ॲक्सी विकले जात ते नव्याने खेळू इच्छिणाऱ्यांना. म्हणजे जुन्याची मजुरी नव्याच्या प्रवेशशुल्कातून निघत होती, आणि नवे येईनासे झाले की मजुरीचा झरा आटणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. कंपनीला मात्र प्रत्येक खरेदी-विक्रीवर ४.२५ टक्के मिळत. भाव चढो वा उतरो, तो हिस्सा तिचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकन गुंतवणूकदारांच्या पुढाकाराने तिच्यात सुमारे १५ कोटी डॉलर ओतले गेले. पुढे मार्च २०२२ मध्ये या खेळाच्या जाळ्यातून ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम चोरीस गेली व ही गोष्ट सहा दिवस कोणाच्या लक्षातही आली नाही. लोक तिलाच पतनाचे कारण समजतात, परंतु मजुरी त्याआधीच संपली होती.

जे आभासी आहे ते बुडणारच, असे म्हणून येथे कोणी समाधान मानू नये. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातून उघडकीस आलेले कडकनाथ प्रकरण आठवावे. कडकनाथ कोंबडी हाताला लागत होती, तिला दाणा लागत होता, तिचे अंडे खाता येत होते. शेतकऱ्यांना पिल्ले विकली गेली आणि अंडी चढ्या भावाने परत घेण्याचे वचन दिले गेले. त्या अंड्यांचे मुख्य प्रयोजन नवी पिल्ले काढून नव्या शेतकऱ्यांना विकणे हे होते. नवा शेतकरी मिळेनासा झाला तेव्हा कोंबडी जिवंत होती आणि योजना मेलेली होती. ॲक्सीची पैदास आणि कडकनाथची पैदास यांत वस्तूचा फरक आहे, योजनेचा नाही. कोंबडीवाल्याकडे निदान अंडी उरली, एवढाच काय तो उपयोगमूल्याचा दिलासा.

आपल्या देशात शासनाने या वस्तूंकडे प्रथम पाहिले ते करवसुलीच्या नजरेने. २०२२ च्या अर्थसंकल्पाने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ ही संज्ञा कायद्यात आणली, टोकनेही तीत घातली, नफ्यावर ३० टक्के कर बसवला आणि व्यवहारावर १ टक्का उगमस्थानी कापून घेण्याची तरतूद केली. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करण्याचीही मुभा ठेवली नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. सट्ट्याने घरे उद्ध्वस्त होत होती हे पाहता त्याचे स्वागतच करावे. पण या दोन्ही कायद्यांत गिऱ्हाईक आहे, करदाता आहे, जुगारी आहे. दुसऱ्याच्या खात्यावर रोजच्या कोट्याने खेळणारा मजूर नाही. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये लागू झाली. तिने ‘प्लॅटफॉर्म कामगार’ ही संज्ञा प्रथमच मान्य केली व तिच्या परिशिष्टात आशय व माध्यम सेवांचा उल्लेखही आहे. वाटणीवर खेळणाऱ्याला, पैसे घेऊन दुसऱ्याचे खाते वर चढवून देणाऱ्याला, आणि खेळातील वस्तू तयार करणाऱ्या कंत्राटी चित्रकाराला या संज्ञेत स्पष्टपणे बसवावे, ही मागणी पक्षाच्या कामगार आघाडीने हाती घेण्याजोगी आहे. ग्राहकाच्या बाजूने दुसरी मागणी अशी की, विक्री आणि परवाना यांतील फरक विक्रेत्याने मराठीत, पैसे घेण्यापूर्वी आणि ठळक अक्षरांत सांगावा. खेळ बंद करावयाचा असेल तर किती महिने आधी कळवणार आणि न वापरलेल्या रकमेचे काय करणार, हेही त्यातच लिहावे.

शाखांमधून हा विषय मांडताना एक पथ्य पाळणे बरे. समोरच्या मुलाला त्याचा अंगरखा खोटा आहे असे सांगून काहीही साधणार नाही. तो अंगरखा त्याने घालून पाहिलेला असतो. तो कोणाच्या सर्व्हरवर आहे, त्याचे नियम कोण बदलू शकतो, आणि तो मिळवण्यासाठी त्याने स्वतः किंवा दुसऱ्या कोणी किती रात्री खर्ची घातल्या, हे त्याला विचारावे. यांतल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला बहुधा ठाऊक असतात. तिसऱ्या प्रश्नाचा हिशेब त्याच्याबरोबर बसून कागदावर मांडावा लागेल.